शाळेत तंबाखूविरोधी कार्यक्रम घेताय? या चुका टाळा

जागतिक तंबाखूविरोधी दिन 31 मे रोजी असतो आणि तेव्हा आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. म्हणून शाळा उघडल्यावर जूनमध्ये एक प्रभातफेरी निघते, परिपाठात शपथ होते आणि वर्षभराचं काम झालं असं आपण धरून चालतो. मीही अशा फेऱ्या काढल्या आहेत. एका वर्षी फेरीत फलक धरून पुढे चालणारा आठवीतला मुलगा दिवाळीनंतर मैदानामागे सिगारेट ओढताना सापडला. तेव्हापासून आपलं कुठे चुकतं ते मी शोधतो आहे.

पहिली चूक म्हणजे उशीर. हा विषय आपण नववी-दहावीसाठी राखून ठेवतो. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 15 वयोगटातली 8.5 टक्के मुलं तंबाखूचं सेवन करत होती. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी 38 टक्के आणि विडी ओढणाऱ्यांपैकी 47 टक्के मुलांनी सुरुवात दहावा वाढदिवस होण्याआधीच केली होती. म्हणजे बोलायला चौथी-पाचवीतच लागायला हवं.

दुसरी चूक फक्त सिगारेटवर बोलण्याची. 2016-17 च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करतात, तर धूर न होणारा तंबाखू 24.4 टक्के लोक वापरतात. पोस्टरवर काट मारलेली सिगारेट असते. घरात मात्र आजीची मिश्री असते, काकांची चुन्याची डबी असते आणि विदर्भात खर्रा असतो. मूल पोस्टर बघतं आणि हे आपल्या घराबद्दल नाही, असं समजतं. मोठ्या वर्गांत वेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दलही बोला. ‘नुसती वाफ असते’ असं मुलं ऐकून आलेली असतात. ई-सिगारेटवर देशात 2019 पासून बंदी आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते ती घाबरवण्यात. सडलेल्या जबड्याची चित्रं बघून वर्ग दहा मिनिटं गप्प होतो, पण तेरा वर्षांच्या मुलाला पन्नाशीतला कॅन्सर स्वतःचा वाटत नाही. त्याची खरी अडचण संध्याकाळची असते. क्रिकेट संपतं, मोठा मुलगा सिगारेट पुढे करतो आणि नाही म्हटलं तर ‘घाबरट’ ठरायची भीती वाटते. त्या क्षणाची तालीम वर्गात व्हायला हवी. मी मुलांकडून असे प्रसंग करून घेतो. ‘नको रे, बॉलिंग टाकताना दम लागतो’ यासारखी उत्तरं तीच शोधतात आणि ती माझ्या भाषणापेक्षा टिकतात. आधी चिठ्ठ्यांवर अंदाज लिहून घ्या: आपल्या वयाची किती मुलं तंबाखू घेत असतील? मग 100 पैकी 91 मुलं घेत नाहीत, हे सांगा.

या पद्धतीला आधार आहे. दिल्ली आणि चेन्नईतल्या 32 शाळांत ‘मैत्री’ प्रकल्प दोन वर्षं चालला. वर्गातले उपक्रम, पालकांना पोस्टकार्डं आणि मुलांनीच पुढाकार घेतलेली कामं असं त्याचं स्वरूप होतं. तिथे तंबाखूचा वापर 17 टक्क्यांनी घटला, कार्यक्रम नसलेल्या शाळांत 68 टक्क्यांनी वाढला. पण अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या 40 शालेय जिल्ह्यांत तिसरी ते बारावीपर्यंत कार्यक्रम राबवूनही फरक पडला नाही, असं 2000 साली जाहीर झालं. म्हणून माझं मत असं की फळ्यापुरतं काम ठेवू नये. घर आणि टपरीपर्यंत जावं.

टपरीबाबत एक नेहमीची चूक होते. 2003 च्या कायद्यानुसार शाळेपासून 100 यार्ड, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही. लोक हे अंतर फाटकापासून रस्त्याने मोजतात. ते कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, चहूबाजूंनी मोजायचं असतं. बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. टपरीवाला बहुधा आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याचा पालक असतो, त्यामुळे आधी शाळा व्यवस्थापन समितीने जाऊन बोलावं. ऐकलं नाही तर पोलीस ठाण्याला पत्र द्यावं.

आणि शिक्षकाच्या खिशात पुडी नको. ती आणायला मुलाला पाठवणं तर नकोच.

मूल सापडलं की त्याला परिपाठात उभं करू नका, दाखला हातात देऊ नका. एकट्याला बसवून विचारा: कधीपासून, कोणाबरोबर, सकाळी उठल्यावर किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय पक्की झाली आहे असं समजून डॉक्टरांकडे न्या. 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावरही मोफत मदत मिळते.

त्या आठवीतल्या मुलाला मी असंच विचारलं. तो म्हणाला, ‘सर, दुसरीत होतो. बाबांची विडी चुलीवर पेटवून आणून द्यायचो. पेटायला एक झुरका मारावाच लागतो.’ पुढच्या पालकसभेचं निमंत्रण द्यायला मी स्वतः त्याच्या घरी गेलो.