फर्नेस ऑइलचा फ्लॅश पॉइंट चुकतो कुठे?

फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ज्योत दाखवताच क्षणभर झळकते ते तापमान. एकाच बाटलीतलं फर्नेस ऑइल, म्हणजे भट्ट्या-बॉयलरचं दाट इंधन, सकाळी 68 अंश दाखवतं आणि दुपारी 73, की सगळे तो मोजणाऱ्या पेन्स्की-मार्टेन्स यंत्राकडे संशयाने बघू लागतात. दाट सॅम्पलमध्ये चूक बहुतेकदा त्याआधीच झालेली असते.

सगळ्यात घातक सवय म्हणजे तेल पातळ व्हावं म्हणून बाटली उघडी ठेवून हॉट प्लेटवर तापवणं. यात तेलातले हलके घटक उडून जातात, आणि आधी पेटणारे तेच असतात. आकडा वर सरकतो, 66 अंशांच्या किमान मर्यादेखालचं तेल कागदावर पास होतं. पुढे त्याच तेलाच्या टाकीजवळ माणसं काम करतात, म्हणून ही चूक मला सहन होत नाही. झाकण लावूनच, हळूहळू तापवा. अपेक्षित फ्लॅश पॉइंटपेक्षा निदान 28 अंश खाली राहा. म्हणजे 66 साठी 38 अंश, बस्स.

दुसरी चूक पद्धत निवडताना होते. एएसटीएम डी 93 या चाचणीच्या प्रमाणपद्धतीतली ‘ए’ पद्धत डिझेलसारख्या पातळ इंधनांची: तापमान वाढवायचं मिनिटाला 5 ते 6 अंश. फर्नेस ऑइल, वापरलेलं इंजिन ऑइल, पृष्ठभागावर साय धरणारे पदार्थ यांना ‘बी’ लागते: मिनिटाला 1 ते 1.6 अंश, स्टिररचे (तेल ढवळणाऱ्या पात्याचे) फेरे मिनिटाला 250. दाट तेलात उष्णता सावकाश पसरते. घाई केली तर कपाच्या कडेचं तेल तापतं, मधलं मागे राहतं. वेळ जास्त लागतो हे खरं, पण त्याला पर्याय नाही.

चाचणीची ज्योत कपात खाली आणताना स्टिरर थांबवायचा, हे हाताने चालणाऱ्या यंत्रावर हमखास विसरलं जातं. ज्योतीभोवती निळसर वलय दिसलं म्हणजे फ्लॅश झाला असं नाही; झळक कपातल्या तेलाच्या सगळ्या पृष्ठभागावर पसरायला हवी. पहिल्याच बुडवणीला झळकलं तर ते सॅम्पल टाका, नवं घ्या आणि आणखी खालून सुरुवात करा. एकदा तापलेलं तेल परत वापरायचं नाही.

कप धुतलेलं सॉल्व्हंट पूर्ण उडालंय ना, तेही बघा. थेंबभर राहिलं तरी आकडा धाडकन खाली येतो.

पुण्यासारख्या उंचीवर हवेचा दाब साधारण 95 किलोपास्कल असतो. समुद्रसपाटीच्या 101.3 मधून तो वजा करा, 0.25 ने गुणा: मोजलेल्या आकड्यात सुमारे 1.6 अंश मिळवावे लागतात. ही दुरुस्ती न करता पाठवलेला रिपोर्ट मुंबईच्या लॅबशी जुळणार नाही.