इंदूरमधून फ्रीलान्सिंग: टॅक्सचं खातं पॅनवर, योजनेचं आधारवर

नवीन फ्रीलान्सरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, पैसे कमी का आले? साठ हजारांचं बिल पाठवलं आणि खात्यात 54 हजारच. ते सहा हजार बुडाले नाहीत, क्लायंटनं 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच आगाऊ कापलेला टॅक्स) कापला, तो त्यानं तुमच्या पॅनवर जमा करायचा असतो. एकाच क्लायंटकडून वर्षाला 50 हजारांच्या वर गेलं की हे सुरू होतं, एप्रिल 2025 च्या आधी मर्यादा 30 हजारांची होती. रिटर्नमध्ये मात्र साठच दाखवायचे, 54 नाही, कारण एआयएसमध्ये (टॅक्स खात्याकडची तुमच्या कमाईची यादी) साठच दिसणार.

"करायचा असतो" असं मुद्दाम लिहिलंय, कारण सगळे वेळेवर करतातच असं नाही. मी सुदामा नगरमध्ये घरी बसून वेबसाइट बनवते, क्लायंट पुणे-बंगळुरूचे, तोंड कधी बघितलेलं नाही, त्यामुळे 26एएस (पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा उतारा) उघडून बघायची सवय लागलीये. ऑक्टोबर ते डिसेंबरचं टीडीएस रिटर्न क्लायंटनं 31 जानेवारीपर्यंत भरायचं असतं, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तुमच्याकडे दिसायला हवं, नाही दिसलं तर लगेच मेल टाका आणि फॉर्म 16ए (टीडीएस कापल्याचा दाखला) मागा. जुलैत जागे झालात तर तिकडचा अकाउंटवाला नोकरी सोडून गेलेला असतो.

सॉफ्टवेअर, इंजिनियरिंग, आर्किटेक्चर, इंटिरियर वगैरे कामं असतील तर 44एडीए बघा, आयकराच्या जुन्या कायद्यातलं ठरावीक पेशांच्या यादीसाठीचं सोपं कलम. एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, वह्या ठेवायची कटकट नाही, मर्यादा 50 लाख आणि रोख 5 टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाख. अनुवाद किंवा कंटेंट रायटिंग करणाऱ्यांनी मात्र हे सरळ उचलू नका, त्या यादीत तुमचं नाव स्पष्ट नाहीये, आधी सीएला विचारा. (एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, पण इथले सीए अजून बरेच दिवस जुनेच नंबर बोलणार.) आणि हो, नव्या रिजीममध्ये (टॅक्सच्या नव्या पद्धतीत) 12 लाखांपर्यंत टॅक्स नाही हे खरं, पण जे पावणेतेरा लाख ऐकता ते पगारदारांचं, स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून मिळणारी ठरावीक वजावट) आपल्याला मिळत नाही. टॅक्स शून्य असला तरी कापलेला टीडीएस परत हवा तर रिटर्न भरावंच लागतं.

आता आपल्या मराठी घरांचा खास त्रास. दहावीच्या मार्कशीटवर मधे वडिलांचं नाव, इथल्या आधारवर फक्त नाव-आडनाव, पॅनवर तिसरंच, आणि लग्न झालेलं असेल तर चौथं! पॅन-आधार लिंक करताना नाव जुळलं नाही की अडकतं, बँक खातं प्रीव्हॅलिडेट होत नाही (म्हणजे टॅक्सच्या पोर्टलवर आधी तपासून पक्कं होत नाही), आणि रिफंड तर फक्त प्रीव्हॅलिडेट खात्यातच येतो. काम मिळायच्या आधी हे दुरुस्त करून टाका भिया, नंतर वेळच मिळत नाही.

आणि ज्यात सगळ्यात जास्त लोक गोंधळतात ते असं की रिफंड पॅनच्या वाटेनं येतो, पण लाडली बहना (मध्य प्रदेश सरकारची बायकांना दरमहा पैसे देणारी योजना) किंवा शेतकऱ्यांच्या योजनेचे पैसे आधारच्या वाटेनं येतात. बँकेत आधार नंबर दिलेला असणं वेगळं आणि एनपीसीआयकडे (बँकांमधले पैसे वळवणारी संस्था) त्या खात्याची नोंद असणं वेगळं. एका आधारवर एकच खातं तिथं असतं, जे शेवटी सीड केलं, म्हणजे आधारला जोडलं, ते. कामासाठी नवं खातं उघडताना बँकवाल्यानं एका फॉर्मवर सही घेतली तर योजनेचे पैसे गुपचूप तिकडे वळतात आणि घरचे जुन्या पासबुकावर बघत बसतात. कुठलं खातं सीड आहे ते आधारच्या वेबसाइटवर ओटीपीनं लॉगिन करून दिसतं.

घरात बायकोला किंवा आईला लाडली बहनाचे पैसे येत असतील तर अजून दोन गोष्टी. खातं तिच्या एकटीच्या नावाचं लागतं, जॉइंट चालत नाही, आणि कुटुंबाची वर्षाची कमाई अडीच लाखांच्या आत हवी, शिवाय घरात कोणी टॅक्स भरणारा नको. तुमचं फ्रीलान्सिंग चालायला लागलं की हा हिशोब बदलतो, तेव्हा घरच्यांना स्वतःच सांगा, कारण टॅक्सच्या पोर्टलवर तुमची कमाई आता दिसतेच.