सर्व्हरची पीडीबी बदलायच्या आधी हे बघा

पीएसयूचा, म्हणजे सर्व्हरच्या पॉवर सप्लाय युनिटचा, लाइट अंबर (नारिंगी, म्हणजे बिघाड) झाला की बहुतेक जण थेट नवीन पीएसयू मागवून मोकळे होतात, आणि तो लावल्यावरही लाइट तसाच राहिला की मग डोक्याला हात. कारण पीएसयू आणि मदरबोर्डच्या मध्ये अजून एक बोर्ड बसलेला असतो, पॉवर डिस्ट्रिब्युशन बोर्ड म्हणजे पीडीबी, त्याच्याकडे कोणी बघतच नाही. दोन्ही पीएसयूचे १२ व्होल्ट इथे एकत्र येतात आणि मदरबोर्ड, ड्राइव्ह बॅकप्लेन (ज्यात ड्राइव्ह घुसतात तो बोर्ड), जीपीयूला वाटले जातात, काही बोर्डांवर ५ आणि ३.३ व्होल्टही इथेच तयार होतात. सीपीयूला लागणारे एक-दीड व्होल्ट मात्र मदरबोर्डवरचे व्हीआरएम, म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर, बनवतात, तो वेगळा विषय.

आधी पॉवर कॉर्ड अदलाबदल करून बघा, कधीकधी मामला तेवढाच असतो. मग सर्व्हर शटडाउन करून, कॉर्ड काढून दोन्ही पीएसयूचे स्लॉट आपसात बदला, कारण त्यासाठी दोन्ही बाहेर काढावेच लागतात. फॉल्ट पीएसयूबरोबर दुसऱ्या स्लॉटला गेला तर पीएसयू खराब, त्याच स्लॉटला चिकटून राहिला तर संशय पीडीबीवर. बीएमसीचा, म्हणजे सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या मदरबोर्डवरच्या छोट्या कंट्रोलरचा, लॉगही उघडा, पीएसयू त्याला पीएमबस या डेटा लाइनवरून व्होल्टेज, करंट, टेम्परेचर सगळं सांगत असतो.

पीएसयू हॉट-स्वॅप असतो, म्हणजे सर्व्हर चालू असताना बदलता येतो, म्हणून पीडीबीही चालू सर्व्हरमधून निघेल असं समजू नका!! शटडाउन करा आणि दोन्ही कॉर्ड काढा, कारण नुसतं बटणाने बंद केलं तरी स्टँडबाय व्होल्टेज चालूच असतो. थोडा वेळ थांबा, ईएसडी पट्टा (अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा) लावा, केबल कुठून कुठे जातात त्याचा फोटो काढा.

आता कनेक्टर नीट बघा. ८०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास ६७ अँपिअर, एवढ्या करंटला कॉन्टॅक्टमध्ये नुसता १ मिलीओहम रेझिस्टन्स वाढला तरी तिथे साडेचार वॅट उष्णता तयार होते. त्यामुळे प्लास्टिक तपकिरी झालंय का, एखादी पिन काळवंडलीये का, आत ढकलली गेलीये का ते टॉर्च मारून बघा. जळका कनेक्टर असेल तर केबलही बदला, नाहीतर नवीन बोर्डाचीही तीच गत.

पार्ट मागवताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, बोर्डवरच्या स्टिकरचा पार्ट नंबर जुळवा. आणि दुसऱ्या सर्व्हरची केबल बसतेय म्हणून लावू नका, ८ पिनच्या ईपीएस (सीपीयूचा) आणि पीसीआयई (जीपीयूचा) कनेक्टरमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट असतात, जबरदस्तीने घुसवली तर थेट शॉर्ट.

बोर्ड बसवला, स्क्रू घट्ट केले की आधी एकाच पीएसयूवर चालू करा, मग दुसरा लावा आणि लोड देऊन बीएमसीत १२ व्होल्टचं रीडिंग बघा. साधारण ११.४ ते १२.६ मध्ये असेल तर ठीक, लोड चढताना खूपच खाली जात असेल तर परत बंद करून कनेक्टर तपासा.