हिवाळ्यासाठी बेसिल वाळवताना या चुका टाळा

बेसिल, म्हणजे इटालियन स्वयंपाकातली गोड तुळस, हौसेने वाळवलं, बरणीत भरलं आणि हिवाळ्यात झाकण उघडल्यावर वाळलेल्या गवताचा वास आला. ही तक्रार फार ऐकू येते. कुणाची पानं वाळता वाळताच काळी पडतात, कुणाच्या बरणीत महिन्याभरात बुरशी धरते. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं, पण बहुतेक वेळा बेसिलला ओरेगॅनो किंवा रोझमेरीसारखंच वाळवलेलं असतं. त्या वनस्पतींची पानं मुळातच कमी रसाची. जुडी बांधून कुठेही टांगली तरी वाळतात आणि वासही टिकवतात.

बेसिलचं पान तसं नाही. ताज्या पानात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं. वासाचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म ग्रंथींमध्ये साठलेलं असतं, आणि त्या ग्रंथींचं आवरण फार नाजूक असतं. लिनालूल, युजेनॉल यांसारखी तिथली सुगंधी द्रव्यं थोड्याशा उष्णतेनेही उडून जातात. उष्णता वाढवली तर पाण्याबरोबर वासही जातो. उलट पानं बंद, दमट जागी सोडली तर पाणी जातच नाही आणि पान कुजायला लागतं. ऊब कमी आणि हवा भरपूर खेळती, हाच बेसिलचा मार्ग. पुढच्या बहुतेक चुका या ना त्या प्रकारे इथूनच सुरू होतात.

तुरे येईपर्यंत थांबणं

झाड अजून वाढेल, मग एकदमच तोडू, असं वाटतं. पण फुलांचे तुरे निघाले की झाडाची ताकद फुलांकडे आणि बियांकडे जाते. नवी पानं लहान येतात, चव थोडी कडवट होते. वाळवण्यासाठी पानं हवीत ती तुरा दिसायच्या आधीची. कळी दिसली की लगेच खुडा. फांदी कापताना पानांच्या जोडीच्या जरा वर कापा. त्या जोडीच्या बगलेतून दोन नवे फुटवे येतात, आणि एकाच झाडाकडून हंगामात बऱ्याच वेळा पानं मिळतात.

तोडायची वेळ सकाळची, दव सुकल्यावर आणि ऊन तापायच्या आधी. थंडी सुरू होणार असेल तर फार वाट पाहू नका. बेसिलला थंडी सोसत नाही. रात्रीचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरू लागलं की पानांवर काळे डाग दिसतात आणि पहिल्या हिमकणांत झाड मरतं. हंगामाची शेवटची मोठी तोड त्याआधीच व्हायला हवी.

तोडताना पानाची खालची बाजूही पाहा. वरून शिरांच्या मधला भाग पिवळा आणि खाली राखाडी, मखमली थर दिसला तर तो केवडा रोग आहे. अशी पानं वाळवणीत घेऊ नका, वाळल्यावर ती तपकिरी आणि निकस होतात.

तोडून फ्रिजमध्ये ठेवणं

आज तोडलं, उद्या वाळवू, तोवर फ्रिजमध्ये राहू दे. पान काळं पडण्यामागे हे कारण बऱ्याचदा असतं, आणि दोष मात्र वाळवण्याच्या पद्धतीला दिला जातो. फ्रिजमधलं ४-५ अंशांचं तापमान या पानाच्या पेशींना इजा करतं. त्याच दिवशी जमणार नसेल तर फुलांसारख्या दांड्या पाण्याच्या ग्लासात उभ्या करा आणि ग्लास घरातच, उन्हापासून लांब ठेवा. पानं एखाद-दोन दिवस छान राहतात.

काळेपणाचं दुसरं कारण म्हणजे चुरगळणं. पान दुमडलं, दाबलं गेलं की पेशी फुटतात, आतली द्रव्यं एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि पानातलं एन्झाइम तिथे तपकिरी रंग तयार करतं. कापलेलं सफरचंद लाल पडतं ते याच क्रियेने. म्हणून पानं मुठीत गच्च धरू नका, पिशवीत कोंबू नका, धुताना चोळू नका. फांद्याच गार पाण्यात हलक्या हाताने बुडवून काढा, झटका आणि सुती कापडावर पसरून वरचं पाणी पूर्ण सुकू द्या. सॅलड स्पिनर (पानं फिरवून पाणी झटकणारं भांडं) असेल तर फारच सोपं. पानावर पाण्याचा थेंब राहिला तर तिथेच डाग पडतो.

उन्हात वाळवणं

वाळवण म्हटलं की ऊन आठवतं. बेसिलच्या बाबतीत ते विसरायचं. थेट उन्हात पानाचा हिरवा रंग विटतो आणि वासाचं तेल तापून उडतं. पानं वाळतात खरी, पण हातात येतो तो बिनवासाचा पाचोळा. सावली, कोरडी हवा आणि जवळ मंद वेगाने फिरणारा पंखा, एवढं पुरेसं असतं.

जाड जुड्या बांधणं

टांगलेल्या हिरव्या जुड्या दिसायला सुंदर असतात, पण बेसिलच्या जाड जुडीच्या पोटात हवा पोहोचतच नाही. बाहेरची पानं कुरकुरीत होतात आणि आतली पानं काळी, चिकट होऊन बुरशी धरतात. टांगायचंच असेल तर एका जुडीत ४-५ दांड्यांपेक्षा जास्त नको, आणि जुड्या एकमेकींना चिकटू देऊ नका. दांड्या वाळताना आकसतात आणि घसरतात, म्हणून दोऱ्याऐवजी रबरबँड बांधा. वरून भोकं पाडलेली कागदी पिशवी घातली तर धूळ बसत नाही आणि गळलेली पानंही हाताशी येतात.

माझं मत विचाराल तर जुडी बांधूच नका. पानं देठापासून सोडवा आणि जाळीवर एकेरी थरात, पानाला पान न टेकता पसरा. खालून-वरून हवा लागली की वेळ निम्म्यावर येतो, आणि बेसिलसाठी वेळ वाचणं म्हणजेच रंग आणि वास वाचणं. मोठ्या, फुगीर पानांचं जेनोव्हीज बेसिल तर टांगून नीट वाळणं फार कठीण. बारीक पानांची ग्रीक जात त्या मानाने लवकर वाळते. हवा दमट असेल, पाऊस चालू असेल तर मोकळ्यावर वाळवायचा हट्टच करू नका. तीन-चार दिवसांत पानं कुरकुरीत झाली नाहीत तर ती कुजण्याकडेच निघालेली असतात.

आच वाढवून घाई करणं

डिहायड्रेटर (मंद गरम हवेने वाळवणारं यंत्र) असेल तर तापमान ३५ ते ४० अंश ठेवा. फळं किंवा भाज्यांसाठी असलेली ५५-६० अंशांची सेटिंग इथे चालत नाही. वाळवताना घरभर बेसिलचा घमघमाट सुटला तर आनंद होतो, पण तो वास पानातून निघून चाललेला आहे हे लक्षात घ्या आणि तापमान उतरवा. किती तास लागतील ते पानाच्या जाडीवर आणि हवेतल्या ओलीवर ठरतं, त्यामुळे घड्याळाकडे न पाहता पानाकडे पाहा.

ओव्हनची अडचण अशी की बहुतेक ओव्हनचं किमान तापमानच ५० अंशांच्या वर असतं. दुसरी सोयच नसेल तर अगदी कमीवर ठेवा, दार किलकिलं राहू द्या आणि दर थोड्या वेळाने ट्रे फिरवा.

मायक्रोवेव्हला नावं ठेवली जातात, पण थोड्या पानांसाठी तो चांगला आहे. वेळ इतका कमी लागतो की हिरवा रंग बऱ्यापैकी टिकतो. पूर्ण कोरडी केलेली पानं दोन पेपर टॉवेलच्या मध्ये एकेरी पसरा, एक मिनिट चालवा, मग दर वेळी २० ते ३० सेकंद. प्रत्येक वेळी उघडून पाहा. वाळलेलं पान क्षणात करपतं आणि कागदासकट पेटूही शकतं, त्यामुळे सुरू करून दुसऱ्या कामाला जाऊ नका.

अर्धवट वाळलेलं बरणीत भरणं

बुरशीचं हे सगळ्यात मोठं कारण. पानाचा पातळ भाग आधी वाळतो. मधली शीर आणि देठ सगळ्यात शेवटी. हाताला पान कोरडं लागतं आणि शिरेत ओल दडलेली असते. म्हणून पान मधोमध मोडून पाहा. शीर कडकन तुटली तर झालं, लवली तर अजून वेळ आहे. गरम असतानाही पान मऊ लागू शकतं, तेव्हा आधी पूर्ण गार होऊ द्या.

बरणीत भरल्यावर पहिला आठवडाभर रोज नजर टाका आणि बरणी हलवा. आतून काचेवर दमटपणा दिसला किंवा पानं एकमेकांना चिकटली, तर लगेच बाहेर काढून पुन्हा वाळवा. एवढ्याने काम निभावतं. पण बुरशीचा एक ठिपकाही दिसला किंवा कुबट वास आला, तर वरवरची पानं काढून बाकीची ठेवू नका. अख्खी बरणी टाकून द्या.

रंगाबद्दल एक दिलासा. वाळलेलं बेसिल ताज्यासारखं गर्द हिरवं राहत नाही, थोडं शेवाळी किंवा ऑलिव्ह रंगाकडे झुकतं. ते बिघडलेलं नसतं. काळं पान मात्र चवीलाही उतरलेलं असतं.

चुरा करून साठवणं

चुरा केला की बरणीत जास्त मावतं, पण पान मोडताच उरलेल्या तेलग्रंथीही फुटतात आणि वास उडायला लागतो. पानं होतील तितकी अख्खी ठेवा, वापरायच्या क्षणी तळहातावर चोळा. बरणी काचेची, घट्ट झाकणाची आणि छोटी असावी. मोठी बरणी रोज उघडली की दर वेळी नवी हवा आत जाते आणि पानं सादळतात. शेगडीच्या वरची फळी हाताशी असली तरी तिथे उष्णताही आणि वाफही. अंधारं, कोरडं कपाट बघा. वाफ निघत असलेल्या भांड्यावर बरणी धरून झटकायची सवयही सोडा, हातात काढून घाला. एवढं सांभाळलं तर ६ महिने वास चांगला राहतो, पुढे वर्षापर्यंत हळूहळू उतरतो.

सगळंच वाळवणं

वाळलेलं बेसिल हे ताज्याची जागा घेत नाही. त्यातला गोडसर, ताजा वरचा वास जातो आणि लवंगेकडे झुकणारा खोल वास उरतो. शिजणाऱ्या सॉसला, सूपला तो उत्तम. पेस्टोला, म्हणजे ताजं बेसिल वाटून केलेल्या इटालियन चटणीला, उपयोगाचा नाही. त्यामुळे निम्मी पानं वाळवा, निम्मी गोठवा.

कच्ची पानं तशीच फ्रीझरमध्ये टाकली तर काळी पडतात. उकळत्या पाण्यात १० सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, टिपून कोरडी करा, मग गोठवा. त्याने काळं करणारं एन्झाइम निकामी होतं. नाहीतर पानं थोड्या तेलात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये घाला आणि वड्या गोठल्यावर हवा काढलेल्या पिशवीत भरा. वडी फ्रीझरमधून थेट गरम भांड्यात जाऊ द्या.

इथे एक चूक जिवावर बेतू शकते. ताजी पानं तेलात बुडवून बाटली बाहेर ओट्यावर ठेवू नका. मातीतून येणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू पानावर असू शकतात. तेलाखाली हवा नसते, पानात पाणी असतं, आम्लता नसते आणि घरातली ऊब मिळते. अशा जागी तो विष तयार करतो, आणि तेलाचा वास, रंग, चव काहीच बदलत नाही. असं तेल केलंच तर फ्रिजमध्ये ठेवा आणि ४ दिवसांत संपवा. जास्त टिकवायचं तर फ्रीझर.

वापरताना

ताजं बेसिल शेवटी घालतात, वाळलेलं तसं घातलं तर कोरड्या कागदासारखं लागतं. ते पदार्थ उतरवायच्या १०-१५ मिनिटं आधी घाला, म्हणजे भिजून वास सोडतं. कृतीत एक टेबलस्पून ताजी चिरलेली पानं लिहिली असतील तर वाळलेली एक टीस्पून घ्या. गेल्या वर्षीची बरणी उरली असेल तर चिमूटभर चोळून हुंगा. मंद वास येत असेल तर प्रमाण दीडपट करा. काहीच येत नसेल तर कंपोस्टमध्ये टाका, आणि नवी पानं भरण्याआधी बरणी धुऊन पूर्ण कोरडी करा.