रात्रीच नापास होणारी टेस्ट: क्लाउड ब्राउझर टेस्टिंगचा माझा अनुभव

नागपूरच्या कळमना बाजारातल्या व्यापाऱ्यांसाठीचा संत्र्यांच्या ऑर्डरचा वेब फॉर्म. सेलेनियमच्या (ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणारं साधन) टेस्ट दिवसा सगळ्या पास, रात्री २ वाजता क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या ब्राउझरवर, चालवल्या की 'आजची तारीख' ही टेस्ट हमखास नापास. आधी सगळीकडे थांबण्याचा वेळ वाढवून पाहिला. उपयोग शून्य, वर क्लाउडचं मिनिटांवर लागणारं बिल वाढलं.

मग क्लाउडवरचं टेस्टचं व्हिडिओ रेकॉर्डिंग पाहिलं. ते नेहमी आधी पाहावं. फॉर्मवर कालची तारीख होती. स्क्रिप्ट नागपूरच्या मशीनवर चालते, ब्राउझर मात्र क्लाउडवर, आणि त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. आपण ५ तास ३० मिनिटं पुढे, म्हणून रात्री १२ ते पहाटे ५:३० दोन्हीकडच्या तारखा वेगळ्या.

क्लाउडच्या सेटिंगमध्ये टाइमझोन बदलता येतो, पण त्यानं फक्त टेस्ट हिरवी (पास) होते. चूक फॉर्मच्या कोडमध्ये होती: तारीख ब्राउझरच्या घड्याळावरून घेतलेली. ऑर्डरचा दिवस नागपूरचाच हवा, म्हणून तारीख काढताना 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन स्पष्ट दिला. टेस्टमधली अपेक्षित तारीखही तशीच काढली. आता टेस्ट मुद्दाम यूटीसीवरच ठेवली आहे, म्हणजे ही चूक परत आली तर पकडली जाईल.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये आयफोनच्या सफारीत 'ऑर्डर द्या' बटण खालच्या पट्टीआड गेलेलं दिसलं. पानाची उंची १०० व्हीएच (पट्ट्या लपलेल्या धरून स्क्रीनची उंची) होती, ती १०० डीव्हीएच (पट्ट्या दिसतात-लपतात तशी बदलणारी उंची) केली, ती सफारी १५.४ पासून चालते. जुन्या फोनसाठी कोडमध्ये व्हीएचची ओळ डीव्हीएचच्या ओळीच्या वर राहू द्या. डेस्कटॉप क्रोमच्या मोबाइल मोडमध्ये हा दोष दिसत नाही, कारण त्यात फोनच्या ब्राउझरची ती पट्टीच नसते.