दुबईच्या शाळेत रुजू होणाऱ्या ख्रिस्ती शिक्षकांसाठी : पहिल्या वर्षाची घडी कशी बसवावी

अहिल्यानगर, वसई, नाशिक किंवा गोव्यातून दुबईतील भारतीय शाळेत शिकवायला निघालेल्या ख्रिस्ती शिक्षकाला दोन टोकांचे सल्ले मिळतात. कोणी म्हणते, बायबलसुद्धा बरोबर नेऊ नका. कोणी म्हणते, तिकडे सगळे चालते. वस्तुस्थिती अशी आहे की संयुक्त अरब अमिरातीत ख्रिस्ती उपासनेला कायदेशीर जागा आहे, मात्र तिच्या सीमा आखलेल्या आहेत. त्या सीमा पहिल्या दोन-तीन महिन्यांत नीट समजून घेतल्या, तर पुढची वर्षे निर्धास्तपणे जातात. स्वतःच्या वाचनासाठी बायबल आणि गीतांचे पुस्तक खुशाल न्यावे; वाटण्यासाठी गठ्ठा मात्र नेऊ नये.

सर्वांत आधी कागदपत्रे. पदवी आणि बी.एड.च्या प्रमाणपत्रांवर राज्य शासन, भारताचे परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास अशा क्रमाने साक्षांकनाचे शिक्के घ्यावे लागतात आणि तिकडे पोहोचल्यावर तेथील परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. आपल्या समाजात येथे एक अडचण हमखास उभी राहते : बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे दुसरे, आणि पदवीवर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. पासपोर्टशी न जुळणारे नाव पुढे प्रत्येक टेबलावर अडते, म्हणून राजपत्रात नावाची नोंद आणि प्रतिज्ञापत्र ही कामे गावी असतानाच उरकावीत. कुटुंब पुढे बोलावून घ्यायचे असेल तर चर्चमध्ये झालेल्या विवाहाची निबंधकाकडील शासकीय प्रत काढून तीही साक्षांकित करून ठेवावी. चर्चच्या नोंदवहीतील उताऱ्यावर काम भागेल अशा भरवशावर राहू नये. पोलिस क्लिअरन्स आणि आधीच्या शाळांची अनुभवपत्रे सोबत असावीतच, कारण दुबईतील खाजगी शाळांवर देखरेख ठेवणारी केएचडीए ही यंत्रणा प्रत्येक शिक्षकाची नेमणूक तपासून मान्य करते.

नेमणूकपत्र वाचताना एकूण पगाराच्या आकड्यावर नजर खिळते, पण खरे पाहायचे असते ते मूळ वेतन. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी केवळ मूळ वेतनावर काढली जाते : किमान एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचे वेतन. समजा दोन शाळा ६,००० दिरहमच देऊ करत आहेत, पण एकीचे मूळ वेतन २,४०० आणि दुसरीचे ३,६०० आहे. तर पहिल्या शाळेत वर्षाला १,६८० दिरहम ग्रॅच्युइटी साठते आणि दुसरीत २,५२०. मुलाखतीत हा प्रश्न विचारायला आपल्याकडचे शिक्षक संकोचतात. संकोचू नये. व्हिसाचा आणि भरतीचा खर्च शाळेने करायचा असतो आणि पासपोर्ट शाळेने ठेवून घ्यायचा नसतो, हेही लक्षात असावे.

घर शोधताना शारजातील कमी भाडे मोह घालते. पण सकाळी शारजातून दुबईकडे येणारी वाहतूक इतकी तुंबते की पहाटेची झोप आणि संध्याकाळची वहीतपासणी दोन्ही त्यात जातात. शाळा अल कुसैस, अन नाहदा किंवा ऊद मेथा भागात असेल तर मेट्रोच्या ग्रीन लाइनवरच खोली पाहावी, असे माझे ठाम मत आहे. ही लाइन अल कुसैसकडून, जेथे चर्च आहेत त्या ऊद मेथापर्यंत थेट येते, त्यामुळे शाळा आणि चर्च दोन्ही एकाच नोल कार्डावर, म्हणजे मेट्रोच्या प्रवासकार्डावर, आवाक्यात राहतात. खोली वाटून घेताना लाकडी फळ्यांनी पाडलेले ‘पार्टिशन’ टाळावे. परवानगीशिवाय केलेली अशी विभागणी बेकायदा आहे आणि तपासणी झाली की रातोरात सामान हलवण्याची वेळ येते. आपले नाव इजारीच्या, म्हणजे भाडेकराराच्या सरकारी नोंदीत आहे याची खात्री करून मगच पैसे द्यावेत.

आता चर्चविषयी थोडे सविस्तर. ऊद मेथा येथे १९६७ साली स्थापन झालेले सेंट मेरीज हे कॅथलिक चर्च आहे आणि जवळच अँग्लिकन परंपरेचे होली ट्रिनिटी चर्च आहे. जेबेल अलीकडे राहणाऱ्यांना तेथील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्च सोयीचे पडते. सेंट मेरीजमध्ये इंग्रजीबरोबर कोकणी, मल्याळम, टागालोग अशा अनेक भाषांत मिस्सा होतात, त्यामुळे गोव्याकडच्या शिक्षकाला तेथे लवकर आपलेपणा वाटतो. होली ट्रिनिटीच्या आवारात निरनिराळ्या मंडळ्या वेगवेगळ्या दालनांत, ठरवून दिलेल्या वेळेत उपासना करतात. एका दालनात शेवटचे गीत चालू असताना पुढची मंडळी दाराशी वाट पाहत उभी असते. उपासना संपल्यावर दाराशी गप्पा मारत रेंगाळण्याची आपली सवय तेथे आवरावी लागते. मराठी उपासना दर रविवारी मिळेलच असे गृहीत धरू नये. निघण्यापूर्वी आपल्या पाळकांकडून शिफारसपत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला घ्यावा आणि तिकडे असलेल्या मंडळीच्या लोकांची नावे विचारून ठेवावीत. पहिल्या महिन्यात ही ओळख फार कामी येते.

जुने लोक ‘तिकडे शुक्रवारी चर्च असते’ असे सांगतात. ते १ जानेवारी २०२२ पूर्वीचे आहे. तेव्हापासून दुबईत शनिवार-रविवार सुटी असते आणि शुक्रवारी शाळा दुपारच्या नमाजाआधी सुटते. शारजात मात्र शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची सुटी आहे. शुक्रवारच्या उपासना पूर्णपणे बंद झालेल्या नाहीत, म्हणून वेळापत्रक चर्चमध्येच विचारावे.

घरगुती प्रार्थनासभेबाबत विशेष जपावे. गावी मंडळीतील दहा-वीस कुटुंबे आळीपाळीने घरोघरी जमतात, टाळ-ढोलकीवर भजने होतात आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. अमिरातीत बिगर-मुस्लिम उपासनास्थळांसाठी २०२३ पासून संघराज्याचा स्वतंत्र कायदा आहे आणि परवाना नसलेल्या जागी उपासना भरवता येत नाही. कुटुंबापुरती प्रार्थना ही गोष्ट वेगळी. फ्लॅटमध्ये नियमित सभा घेणे वेगळे. एकत्र जमायचे असेल तर चर्चच्याच आवारात वेळ मागून घ्यावी. गावच्या चर्चच्या छपरासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गणीचे आवाहन टाकणेही असेच अंगलट येऊ शकते, कारण परवानगीशिवाय निधी गोळा करणे तेथे गुन्हा आहे. स्वतःच्या पगारातून हवे तेवढे पाठवावे, दुसऱ्याकडे मात्र मागू नये.

वर्गात शिक्षकाचा धर्म हा विषय होत नाही आणि तो होऊ देऊ नये. मुलांना आपल्या धर्माकडे वळवण्याचा प्रयत्न कायद्याने निषिद्ध आहे, आणि शाळेत त्याचा साधा आभासही नोकरीवर बेतू शकतो. पण मुले विचारतातच. रमजानमध्ये पाचवीतला एखादा मुलगा विचारतो, “सर, तुम्ही रोजा का धरत नाही?” तेव्हा “मी ख्रिस्ती आहे, आमच्या उपवासाचे दिवस वेगळे असतात. तुझा रोजा कसा चालला आहे?” एवढे उत्तर पुरते. त्यापुढे तुलना करू नये आणि बोधकथा सांगू नये. शिक्षकी पेशात मुरलेल्या माणसाला हा मोह आवरणे खरोखर जड जाते. रमजानात दुबईच्या खाजगी शाळा पाच तासांपेक्षा जास्त भरत नाहीत. डबा खाण्यासाठी शाळेने दिलेली बंद खोलीच वापरावी आणि रोजा असलेल्या मुलांपुढे पाण्याची बाटलीही तोंडाला लावू नये.

मुलांची छायाचित्रे स्वतःच्या फोनवर काढून कुठेही टाकू नयेत. शिकवणीविषयीही नियम कडक आहे : डिसेंबर २०२३ पासून खाजगी शिकवणीसाठी स्वतंत्र परवाना सुरू झाला असून तो दोन वर्षांसाठी मोफत मिळतो. तो काढल्याशिवाय शेजारच्या मुलालासुद्धा पैसे घेऊन गणित शिकवू नये.

सणांचे गणित सुरुवातीलाच मांडावे. नाताळची सार्वजनिक सुटी नसते, परंतु शाळांची हिवाळी सुटी सहसा त्याच सुमारास पडते. तिकिटे मात्र आधीच काढावीत, कारण साऱ्या भारतीय शाळांचे शिक्षक त्याच आठवड्यात निघतात. गुड फ्रायडेला शाळा असू शकते आणि भारतीय शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने हा दिवस अनेकदा वर्ष उघडण्याच्या धांदलीत सापडतो. म्हणून वेळापत्रक हाती येताच पर्यवेक्षकांकडे रजेचा लेखी अर्ज द्यावा. रजा नाहीच मिळाली तर शुक्रवारी शाळा लवकर सुटतेच. थेट ऊद मेथाचे स्टेशन गाठावे, पण त्या दिवशी चर्चच्या आवारात गर्दी लोटते, तेव्हा उपासनेच्या तासभर आधी पोहोचावे.