हँडल थरथरतंय? बॉल रेसर बदलण्याआधी टायर तपासा

मोटारसायकलचं हँडल थरथरतं अशी तक्रार घेऊन गेलात की बहुतेक गॅरेजांत पहिलं उत्तर ठरलेलं असतं: बॉल रेसर, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, गेले. ते बदलले जातात, पैसे दिले जातात, आणि चार दिवसांनी हँडल पुन्हा तसंच. मग चिमट्याचे (मागचं चाक धरून ठेवणाऱ्या दुहेरी दांड्याचे) बुश, मग पुढचे शॉकप, मग कोणीतरी सांगतं की चेसिसच वाकलीय. एवढ्या सगळ्यात टायर जमिनीवरून उचलून एकदा नीट फिरवून बघितलेला नसतो.

म्हणून पहिला प्रश्न गाडीच्या मालकाने स्वतःलाच विचारावा: थरथर कधीपासून आहे? टायर बदलल्यापासून किंवा पंक्चर काढल्यापासून असेल, तर दुसरीकडे कुठेही हात घालू नका. दोष चाकातच आहे.

आधी थरथर कोणती ते ओळखा

पुढची थरथर जलद असते. हँडल डावी-उजवीकडे झटके देतं, साधारण ताशी 40 ते 70 च्या दरम्यान, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडून वेग उतरत असताना जास्त. हात सैल असतील तर वाढते, घट्ट धरलं तर दबते. हिचं मूळ बहुतेकदा पुढच्या चाकात असतं.

मागची वेगळी. तिथे हँडल फारसं हलत नाही, अख्खी गाडी कमरेतून संथ डोलते. वेग जास्त असताना, मागे कोणी बसलेलं असताना किंवा कॅरियरवर सामान असताना ती जाणवते. मागची हवा, झिजलेला मागचा टायर, चिमट्याचे बुश आणि सामान कुठे बांधलंय, या क्रमाने बघा. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन किंवा लांबच्या प्रवासाच्या बॅगा मागच्या आसाच्याही मागे लटकवल्या, तर पुढचं चाक हलकं होतं आणि निर्दोष गाडीसुद्धा डोलते.

डांबर टाकण्याआधी उकरून ठेवलेल्या रस्त्यावर लांब उभ्या चरांत टायर अडकून गाडी इकडेतिकडे सरकते, तो गाडीचा दोष नाही. रस्ता संपला की थांबतं.

चालू गाडीत थरथर सुरू झालीच तर पुढचा ब्रेक दाबू नका आणि हँडलशी झुंजू नका. गुडघ्यांनी टाकी आवळा, अंग थोडं पुढे घ्या, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा. ‘वेग वाढव, आपोआप जाते’ हा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो जीवघेणा आहे. वेग वाढवून ती गेली नाही, तर थांबायला जागा उरत नाही. दोन्ही हात सोडून ‘टेस्ट’ घेणंही नको. मोकळ्या रस्त्यावर हात नुसते टेकवून ठेवले तरी पुरेसं कळतं.

हवा

टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी, स्वतःच्या गेजने मोजा. आकडा चेनकव्हरवरच्या किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर असतो. एकट्याचा आणि डबलसीटचा मागचा आकडा वेगळा असतो हे बरेच जण विसरतात. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते. पेट्रोलपंपावरच्या मीटरवर विसंबू नका.

टायरवर हात फिरवा

डोळ्यांपेक्षा तळहाताला जास्त कळतं. चाकाच्या फिरण्याच्या दिशेने एकदा आणि उलट एकदा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखा लागत असेल, खळगे जाणवत असतील, तर पुढचा टायर उंचसखल झिजलाय. यावर उपाय नाही, टायर बदलायचा. हवा कमी-जास्त करून खळगे भरत नाहीत.

मागचा टायर हायवेवर सरळ चालून मध्यभागी सपाट होतो. अशा सपाट टायरवर गाडी थोडी कलली की त्याच्या कडेवर चढते आणि मागून हिसका देते. बाजूला फुगा आला असेल तर ती गाडी त्याच दिवसापासून उभी करा. नक्षीतले झिजेचे खुणेचे उंचवटे पृष्ठभागाला भिडले असतील, तरीही तेच. तारीख बघा: बाजूवरच्या लंबगोलात चार अंक असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसणारा पण कडक होऊन बारीक चिरा पडलेला जुना टायर हा फसवा माल आहे, सेकंडहँड गाडी घेताना हमखास गळ्यात पडतो.

टायरच्या बाजूवरचा बाण बघा. तो चाक फिरण्याच्या दिशेने हवा.

चाक उचला आणि फिरवा

मधला स्टँड लावा, कोणाला तरी मागे दाबून बसवा, पुढचं चाक हवेत आलं की काम सुरू. मधला स्टँड नसेल तर इंजिनखाली भक्कम ठोकळा. जुना स्पोक किंवा जाड तार पुढच्या शॉकपच्या नळीला चिकटपट्टीने बांधा आणि तिचं टोक रिमच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर ठेवा. चाक हाताने सावकाश फिरवा, बोटं डिस्कपासून लांब.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी रिम, मग टायर. टोक आणि रिम यांच्यातलं अंतर कमी-जास्त होत असेल तर रिमला आउट आहे, म्हणजे ते वाकडं फिरतंय. लहान मोटारसायकलींच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ही मर्यादा साधारण 2 मिलिमीटर दिलेली असते, बाजूला आणि वर-खाली दोन्हीकडे. त्यापलीकडे गेली आणि स्पोकचं चाक असेल, तर आउट काढून घ्या. हे काम जुन्या सायकल-मोटारसायकलवाल्या कारागिराकडेच द्या, घरी स्पोक आवळायची चावी घेऊन बसू नका. अलॉयचं रिम वाकलं असेल तर बदला. तापवून, ठोकून सरळ केलेलं अलॉय पुढच्या चाकात मी बसवू देत नाही.

रिम सरळ फिरतंय पण टोक टायरकडे वळवल्यावर टायर नागमोडी जातोय किंवा एका जागी खाली दबतोय, तर पुढचा भाग सावकाश वाचा. नव्या टायरनंतरच्या बहुतेक थरथरींचं मूळ मला इथेच सापडलं आहे.

टायर रिमवर बसलाच नसेल तर

टायरची जी तारेची कड रिममध्ये अडकते तिला बीड म्हणतात. रिमचा मधला भाग खोल असतो. टायर चढवताना बीड त्या खोलगट भागात उतरवावी लागते, नाहीतर टायर चढतच नाही. नंतर हवेच्या दाबाने ती तिथून वर सरकून रिमच्या कडेला आपल्या जागी बसायला हवी. रस्त्याकडेला घाईत कोरडा टायर चढवून 25 पीएसआय हवा भरली, तर बहुतेक कड वर येते आणि वीतभर तुकडा खालीच राहतो. हवा टिकते, टायर गोल दिसतो, पंक्चरवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

त्या वीतभर जागेचा परिणाम असा. 18 इंची रिमचं चाक एका फेरीत साधारण 1.9 मीटर जातं, म्हणजे ताशी 60 ला सेकंदाला जवळपास 9 फेऱ्या. प्रत्येक फेरीत एक धक्का. हँडलच्या स्वतःच्या थरथरीचा वेगही याच पट्ट्यात असतो, सेकंदाला सुमारे 4 ते 10 वेळा. धक्का आणि थरथर एकमेकांना साथ देतात. म्हणून ती ठरावीक वेगालाच येते आणि त्याच्या वर-खाली गायब होते. बॉल रेसर घट्ट केले की ती दबते, आणि दुरुस्ती झाली असं वाटतं. प्रत्यक्षात हँडल जड होतं, गाडी सरळ रेषेत राहायला तयार होत नाही, आणि टायर तसाच वाकडा राहतो.

ओळखायची खूण टायरवरच असते. रिमच्या कडेला लागून टायरवर बारीक उंच रेघ गोल फिरलेली दिसेल. दोन-तीन रेघा असतील तर रिमला सगळ्यात जवळची घ्या. रेघ आणि रिमची कड यांत सगळीकडे सारखं अंतर हवं. जिथे रेघ रिममध्ये बुडते, तिथे बीड बसलेली नाही. दुसरी बाजूही बघा, एक बाजू बरोबर आणि दुसरी बुडलेली असं नेहमी होतं. बुडालेल्या जागी खडूने खूण करा.

ट्यूबच्या टायरमध्ये ही जागा पुष्कळदा व्हॉल्व्हपाशी निघते. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूबचं रबर जाड असतं, ते बीड आणि रिमच्या मध्ये चेपून बसतं आणि बीडला वर येऊ देत नाही. व्हॉल्व्हचा नट आधीच आवळला असेल तर हमखास. म्हणून हवा भरण्यापूर्वी नट सैल ठेवून व्हॉल्व्ह बोटाने आत ढकला, हलवा, आणि मग बाहेर येऊ द्या. एवढ्याने अनेकदा काम होतं.

नाही झालं, तर हवा पूर्ण सोडा, व्हॉल्व्हची सुई (आतला हवा अडवणारा भाग) काढा. खुणेच्या जागी दोन्ही बाजूंनी टायर दाबून बीड रिमपासून सुटी करा. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात पातळ करून ब्रशने बीडवर आणि रिमच्या आतल्या कडेवर पुरतं लावा. फक्त खुणेपाशी नाही, सगळीकडे. इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल वापरू नका. रबर खराब होतं आणि नंतर ब्रेक मारताना टायर रिमवर घसरून व्हॉल्व्ह उपटतो. ट्यूबलेसमध्ये पेट्रोल शिंपडून काडी लावायचा प्रकार कोणी करू पाहत असेल तर गाडी घेऊन तिथून निघा.

सुई न लावता जोराने हवा भरा, सोडा, पुन्हा भरा. पहिल्या फेरीत ट्यूबच्या घड्या मोडतात. मग सुई लावून हळूहळू 40 पीएसआयपर्यंत जा. बीड जागेवर बसताना ‘टक’ असा आवाज येतो, त्याची वाट बघा. त्यावेळी बोटं रिम आणि टायरच्या मध्ये नकोत, आणि तोंड चाकावर वाकवलेलं नको. 40 च्या वर मी जात नाही, टायरवर त्याहून कमी मर्यादा छापली असेल तर तिच्याही वर नाही. ‘60 घाल, बसेल’ म्हणणाऱ्याच्या हातात कॉम्प्रेसरची नळी राहू देऊ नका. फुटलेली बीड किंवा तडकलेलं रिम माणसाला जखमी करतं. 40 ला बसत नसेल, तर दोष हवेच्या प्रमाणात नाही. हवा सोडा, पुन्हा साबण, चाक फिरवून खुणेची जागा जमिनीवर दोन-तीनदा आपटा, पुन्हा भरा.

या टप्प्याने मला बराच काळ दाद दिली नव्हती. साबण, हवा, आपटणं, सगळं करूनही काही चाकांत रेघ एका जागी आतच. उत्तर सापडलं ते टायर उतरवून रिम उघडं केल्यावर. लोखंडी रिमवर आतून गंजाचे पापुद्रे चढले होते आणि बीड त्यांच्यावरून सरकतच नव्हती. कोकणात, खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात राहणाऱ्या स्पोकच्या गाड्यांना हे फार होतं. पॉलिश पेपरने ती जागा घासून गुळगुळीत करा, पुसा, रिमवरची रबरी पट्टी फाटली असेल तर नवी घाला, मग टायर चढवा. नवा टायर दुकानात दोरीने आवळून ठेवलेला असेल, चपटा झालेला असेल, तर चढवण्याआधी दोन तास उन्हात ठेवा. मऊ झालेला टायर निम्मा त्रास वाचवतो.

बसला की हवा सोडून कंपनीने दिलेल्या आकड्यावर आणा. व्हॉल्व्हचा नट हाताने, तोही हलकाच. साबण रिमवर वाळू देऊ नका, पुसून घ्या. पुन्हा तारेचं टोक लावून चाक फिरवा. दोन्ही बाजूंची रेघ सारखी, रिम सरळ, आणि तरीही टायर नागमोडी, तर टायरचे आतले थर सुटलेत. पावती घेऊन दुकानात जा, नव्या टायरवर कंपनीची वॉरंटी असते. ‘चालवा, सेट होईल’ हे ऐकून परत येऊ नका. थर सुटलेला टायर सेट होत नाही, फुटतो.

उरलेलं

टायरवर रंगाचा ठिपका असेल तर तो हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हसमोर ठेवा. बॅलन्सिंग 100 सीसीच्या गाडीला क्वचित लागतं, जड गाडीला करून घ्यावं. पुढच्या चाकात पंक्चर-रोधक द्रव टाकू नका, तो उभ्या गाडीत खाली साचून चाक एका बाजूला जड करतो.

मागचं चाक उतरवलं असेल तर चेन ताणताना चिमट्यावरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा.

नवा टायर पहिले 100 किलोमीटर गुळगुळीत असतो, वळणावर आणि ओल्या रस्त्यावर जपून. त्या 100 किलोमीटरनंतर थंड टायरची हवा आणि रिमजवळची रेघ पुन्हा एकदा तपासा.

एवढ्यावरही थरथर राहिली, तर आता बॉल रेसरकडे जा. चाक हवेत ठेवून हँडल अगदी मधोमध आणा आणि एका बोटाने हलवा. सरळ असताना ते खाचेत अडकल्यासारखं थांबत असेल तर रेसर खरंच गेलेत. पुढचे शॉकप खालून धरून पुढे-मागे ओढल्यावर खट वाजलं तर ते सैल आहेत. यांतलं काहीच नसेल, तर पुढच्या चाकाच्या बेअरिंगवर हात ठेवा: चाक वरून-खालून धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बेअरिंग बदला.